संगणकीय खेळांची परीक्षणे आणि ‘सिस्टीम रिक्वायरमेंट्स’ : विश्वासार्हतेचा इतिहास

प्रस्तावना

विकत घेण्यापूर्वी ज्या वस्तूची प्रत ग्राहकाला कळू शकत नाही, तिच्या बाजारात विश्वास हीच एक स्वतंत्र वस्तू होऊन बसते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही गोष्ट मांडली. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. परिणामी ग्राहक सर्वच गाड्यांना कमी किंमत देऊ पाहतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून हटत जातात. या प्रकारच्या संशोधनासाठी अकरलॉफ २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. जुन्या मोटारीतून निदान एक फेरी मारून पाहता येते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत खोक्यात बंद करून विकल्या गेलेल्या संगणकीय खेळाबाबत तेवढीही सोय बहुधा नव्हती. खोके एकदा उघडले की अमेरिकेतील बहुतेक दुकाने ते परत घेत नसत. ग्राहकाने नक्कल करून घेतली असेल, हा संशय त्यामागे होता.

ग्राहकाच्या हाती त्यामुळे दोनच कागद उरत. एक, नियतकालिकात छापून आलेले परीक्षण. दुसरा, खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेली आवश्यक यंत्रणेची यादी, जिला सर्वत्र ‘सिस्टीम रिक्वायरमेंट्स’ म्हटले जाते. खेळ चांगला आहे का, याचे उत्तर पहिल्या कागदाने द्यायचे आणि तो घरच्या यंत्रावर चालेल का, याचे दुसऱ्याने. परीक्षणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. यादीकडे मात्र किरकोळ छापील मजकूर म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात दोहोंचा एकत्र विचार केला आहे. दोन्ही कागद लिहिणाऱ्यांचे उत्पन्न कोणत्या ना कोणत्या मार्गाने विक्रीशी बांधलेले होते आणि दोहोंची कसोटी पैसे देऊन झाल्यावरच लागत होती, हे त्याचे कारण.

१९८३ ची पडझड आणि दोन वाटा

उत्तर अमेरिकेतील दूरचित्रवाणी-खेळांचा व्यवसाय १९८३ साली कोसळला. त्याची कारणे अनेक होती. परंतु दुकानांत साचलेल्या निकृष्ट खेळांचा त्यांत मोठा वाटा होता, याविषयी फारसा मतभेद नाही. अटारी कंपनीचा ‘ई.टी.’ हा खेळ १९८२ च्या नाताळाचा मुहूर्त गाठण्यासाठी सुमारे पाच आठवड्यांत तयार करण्यात आला. न खपलेली काडतुसे सप्टेंबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरण्यात आली. ही निव्वळ दंतकथा असावी असे कित्येक वर्षे मानले जाई. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले आणि काडतुसे बाहेर निघाली. संगणकीय खेळांच्या इतिहासकाराला पुरातत्त्वज्ञाचे काम करावे लागण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

या पडझडीनंतर दोन वाटा फुटल्या. निन्टेन्डो कंपनीने आपले यंत्र एकच ठेवले, त्यावर कोणाचा खेळ चालावा याचे नियंत्रण स्वतःकडे घेतले आणि खोक्यावर गुणवत्तेचा शिक्का छापला. तो शिक्का खेळ रंजक असल्याची हमी देत नव्हता, पण तो यंत्रावर चालेल याची देत होता. संगणकाच्या बाजूला असा मालकच नव्हता. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीची नक्कल शेकडो कारखाने करू लागले होते आणि ‘सुसंगत’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावत होता. एखादी नक्कल खरोखर सुसंगत आहे का, हे तपासण्यासाठी त्या काळी जे प्रोग्राम चालवून पाहत, त्यांत ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या प्रोग्रामबरोबर १९८२ सालचा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ हा खेळही असे. यंत्राने खेळाची परीक्षा घ्यावी की खेळाने यंत्राची, हा घोळ असा अगदी प्रारंभापासूनचा आहे.

नियतकालिकांचे युग

१९८१ हे वर्ष या विषयात पायाचे ठरते. अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आणि रसेल साइप यांचे ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’, तर ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ ही नियतकालिके त्याच वर्षी निघाली. ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ने पहिली अनेक वर्षे परीक्षणाखाली गुणांक दिलेच नाहीत. खेळाचे नियम, त्यातील युद्धनीती, त्याची वैगुण्ये यांची चर्चा करणारे दीर्घ लेख तेथे येत आणि निष्कर्ष वाचकाने काढायचा असे. ‘स्कॉर्पिया’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या परीक्षिकेची लेखणी इतकी कठोर होती की, तिच्या टीकेने दुखावलेल्या ‘माइट अँड मॅजिक’ या मालिकेच्या निर्मात्यांनी १९९१ सालच्या तिसऱ्या भागात त्याच नावाचा एक राक्षसी शत्रू घातला. परीक्षकाला याहून मोठी पावती क्वचितच मिळाली असेल.

ब्रिटनमध्ये वेगळा प्रघात पडला. लडलो या लहान गावातील न्यूजफील्ड या प्रकाशनसंस्थेने १९८४ मध्ये ‘क्रॅश’ आणि १९८५ मध्ये ‘झॅप! ६४’ ही मासिके काढली. एकाच खेळावर तीन-तीन परीक्षकांची मते शेजारी शेजारी छापायची आणि शेवटी टक्केवारी द्यायची, ही त्यांची पद्धत. मतभेद उघडपणे छापणे ही एक प्रकारची प्रामाणिकताच होती. टक्केवारीने मात्र पुढे वेगळेच वळण घेतले. कागदावर शून्य ते शंभर अशी असलेली मोजपट्टी प्रत्यक्षात सत्तर ते पंच्याण्णव एवढीच वापरली जाऊ लागली. १९९१ साली सुरू झालेल्या ‘अमिगा पॉवर’ने पन्नास टक्के म्हणजे सर्वसाधारण, असा आग्रह धरला आणि त्यापायी प्रकाशकांचा रोष पत्करला. महाविद्यालयीन उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हा पेच अपरिचित नसावा.

विश्वासार्हतेवर सर्वांत मोठा ताण आणला तो मात्र जाहिरातींनी नव्हे, तर छपाईच्या वेळापत्रकाने. मासिकाचा अंक वाचकाच्या हाती पडण्याच्या कित्येक आठवडे आधी मजकूर तयार लागे. खेळ बाजारात येतानाच परीक्षण छापायचे, तर अपुऱ्या प्रतीवर लिहावे लागे. १९९४ साली सिएरा कंपनीचा ‘आउटपोस्ट’ हा अंतराळ-वसाहतीचा खेळ आला. अमेरिकेतील ‘पीसी गेमर’ने त्याला ९३ टक्के दिले. परीक्षकांनी पाहिलेली प्रत अपूर्ण होती आणि राहिलेल्या गोष्टी विक्रीच्या प्रतीत असतील, असे आश्वासन त्यांना देण्यात आले होते. त्यांतील कित्येक विक्रीच्या प्रतीत नव्हत्याच. परीक्षकाने लाच घेतली होती असे कोणी म्हटले नाही; त्याने शब्दावर विश्वास ठेवला, एवढेच. तथापि वाचकाच्या दृष्टीने परिणाम तोच झाला.

याच सुमारास परीक्षणाची गरजच टाळणारा एक उपाय पुढे आला. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ या खेळाचा पहिला भाग विनामूल्य वाटला. आवडल्यास उरलेले भाग विकत घ्यावेत. ३८६ प्रोसेसर, ४ मेगाबाइट स्मृती आणि व्हीजीए पटल ही त्याची अट होती. पण तो आपल्या यंत्रावर चालतो का, हे कळण्यासाठी यादी वाचण्याची गरज नव्हती, चालवून पाहणे पुरेसे होते. नियतकालिकांनीही ही युक्ती उचलली आणि अंकासोबत नमुना-खेळांच्या फ्लॉपी, पुढे सीडी येऊ लागल्या. भारतात मुंबईच्या जसुभाई समूहाने २००१ साली ‘डिजिट’ हे मासिक सुरू केले, तेव्हा त्याच्याही अंकाबरोबर सीडी असे. मंद टेलिफोन-जोडणीवर शंभर मेगाबाइटचा नमुना उतरवून घेणे ज्यांना अशक्य होते, त्यांच्यासाठी छापील मजकुराहून ती चकतीच अधिक मोलाची होती.

खोक्यावरील यादी

यादीचा इतिहास परीक्षणाच्या इतिहासाहून अधिक गुंतागुंतीचा आहे. कमोडोर ६४ किंवा ॲपल टू यांसाठीच्या खेळावर यंत्राचे नाव लिहिले की जवळजवळ काम भागे. पीसीवर तसे नव्हते. डॉसच्या काळात खोक्यावर ‘६४० के आवश्यक’ असे छापलेले असे, पण बसवलेली स्मृती आणि मोकळी स्मृती यांत अंतर होते. माउस, सीडी आणि ध्वनिपत्र यांचे चालक-प्रोग्राम त्या ६४० किलोबाइटांतच जागा अडवत आणि चार मेगाबाइटच्या यंत्रावरही ‘स्मृती अपुरी’ असा संदेश येई. मग ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन धारिकांत बदल करणे किंवा केवळ त्या एका खेळासाठी वेगळी आरंभ-फ्लॉपी बनवणे हे ओघाने येई. १९९२ सालच्या ‘अल्टिमा सेव्हन’ची स्वतःची स्मृती-व्यवस्था होती आणि ‘ईएमएम३८६’ हा प्रचलित स्मृती-व्यवस्थापक चालू असताना तो खेळ सुरूच होत नसे. यंत्रात काय असावे हे यादी सांगू शके. काय नसावे हे सांगायला तिच्यात रकाना नव्हता.

या गोंधळावर उपाय म्हणून १९९१ मध्ये ‘मल्टिमीडिया पीसी’ हे बोधचिन्ह आले. १९९३ च्या दुसऱ्या पातळीत २५ मेगाहर्ट्‌झचा ४८६ एसएक्स प्रोसेसर, ४ मेगाबाइट स्मृती आणि १६० मेगाबाइटची हार्ड डिस्क अपेक्षित होती. त्यानंतरच्या तिसऱ्या पातळीत ७५ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम आला. कल्पना चांगली होती. ग्राहकाने आकडे वाचू नयेत, केवळ चिन्ह जुळवावे. परंतु मानक ठरवणाऱ्या समितीपेक्षा खेळ वेगाने धावत होते आणि चिन्ह मागे पडले.

१९९४ च्या नाताळात डिस्नेने ‘द लायन किंग’ या चित्रपटावर आधारित सीडी-रॉम बाजारात आणली. ती मायक्रोसॉफ्टच्या ‘विनजी’ या चित्रण-संचावर अवलंबून होती. त्याच हंगामात कॉम्पॅकचे नवे प्रिसारिओ संगणक मोठ्या संख्येने विकले गेले, पण त्यांतील चित्रण-चालकांची विनजीबरोबर चाचणी झालेली नव्हती. नाताळच्या सकाळी असंख्य घरांत पडदा निळा झाला. खोक्यावरील यादीप्रमाणे यंत्रात सर्व काही होते. यादी खोटी नव्हती, अपुरी होती. मायक्रोसॉफ्टमधील अलेक्स सेंट जॉन आदींनी ‘डायरेक्टएक्स’ची उभारणी केली त्यामागे या फजितीचा मोठा वाटा होता, त्याची पहिली आवृत्ती सप्टेंबर १९९५ मध्ये आली. तेव्हापासून यादीत ‘डायरेक्टएक्स’ची एक ओळ वाढली, ती आजतागायत आहे.

आकड्यांवर कितपत विसंबावे, याचे सर्वांत बोलके उदाहरण १९९६ चे आहे. सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर पेंटियमशी स्पर्धा करीत होता. त्याच्यावर प्रत्यक्ष मेगाहर्ट्‌झ न लिहिता ‘पीआर’ हा तुलनांक लिहीत. १३३ मेगाहर्ट्‌झवर चालणारा प्रोसेसर ‘१६६+’ म्हणून विकला जाई, आणि त्यात लबाडी नव्हती. हा तुलनांक कार्यालयीन प्रोग्रामांच्या चाचणीवर बेतलेला होता आणि तेथे तो खरा ठरत असे. जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला. किमान अट पेंटियम ७५. मायकेल अब्राश आणि जॉन कारमॅक यांनी त्याचे चित्रण असे रचले होते की, दर सोळा बिंदूंमागे एक दशांश-भागाकार पेंटियमच्या गणित-विभागाकडे सोपवायचा आणि तो पूर्ण होईपर्यंत प्रोसेसरच्या उरलेल्या भागाने बिंदू रंगवीत राहायचे. पेंटियममध्ये ही दोन कामे एकाच वेळी चालत. सायरिक्सचा गणित-विभाग त्या मानाने मंद होता. परिणामी पत्रव्यवहार आणि हिशेब यांत पेंटियमच्या तोडीस तोड असणारे यंत्र ‘क्वेक’मध्ये अडखळू लागले आणि खेळाडूंमध्ये सायरिक्सची पत उतरली. १९९७ साली ही कंपनी नॅशनल सेमिकंडक्टरने विकत घेतली. एका खेळाने कंपनी बुडवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ‘पेंटियम ७५’ या दोन शब्दांत वेगाची नव्हे तर रचनेची अट दडलेली आहे, हे खोके वाचून कोणालाही कळण्याजोगे नव्हते.

नावांचा घोळ पुढील दशकातही चालू राहिला. २००२ साली एनव्हिडियाने आणलेले ‘जिफोर्स ४ एमएक्स’ हे चित्रपत्र रचनेने ‘जिफोर्स २’च्या कुळातले होते, ‘जिफोर्स ३’मध्ये असलेली पिक्सेल शेडरची क्षमता त्यात नव्हती. २००३ सालचा ‘डेयस एक्स : इन्व्हिजिबल वॉर’ ही क्षमता मागत असे. मोठा आकडा पाहून नवे पत्र घेणारा ग्राहक येथे जुने पत्र वापरणाऱ्यापेक्षा मागे पडला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग घेऊन संगणक जुळवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ होती. अशा ग्राहकाच्या हाती कोणा कारखानदाराची हमी नसे, विक्रेत्याचा शब्द तेवढा असे. मदरबोर्डवरच चित्रण-सोय असलेल्या स्वस्त यंत्रांना तर ‘३२ मेगाबाइट थ्रीडी कार्ड’ ही ओळ पुष्कळदा ओलांडता येत नसे.

नोव्हेंबर २००७ मध्ये ‘क्रायसिस’ आला आणि फ्लाइट सिम्युलेटरचा जुना वारसा त्याच्याकडे गेला. त्याच्या किमान अटी फारशा भयंकर नव्हत्या : एक्सपीसाठी २.८ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि १ गिगाबाइट स्मृती. परंतु सर्व सोयी चालू ठेवून तो सफाईने चालवू शकेल असे यंत्र त्या काळी जवळजवळ नव्हते. ‘किमान’ म्हणजे नेमके किती, हा प्रश्न त्याने चव्हाट्यावर आणला. खेळ सुरू होणे आणि तो खेळण्याजोगा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. यादीने मात्र त्या दोहोंना एकच शब्द दिला होता. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये व्हिस्टात ‘विंडोज एक्स्पीरियन्स इंडेक्स’ आणून यंत्राला १ ते ५.९ असा एक अंक देऊन पाहिला. विंडोज ८.१ मध्ये तो पडद्यावरून नाहीसा झाला आणि फार थोड्यांना त्याचे वाईट वाटले.

गुणांकाची सत्ता

१९९६ मध्ये ‘गेमस्पॉट’ आणि ‘आयजीएन’ सुरू झाले आणि छपाईच्या वेळापत्रकाची अडचण सरली. जाहिरातींची उरली. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉटचे संपादक जेफ गर्स्टमन यांना नोकरीवरून कमी करण्यात आले. त्यांनी ‘केन अँड लिंच’ या खेळाला १० पैकी ६ गुण दिले होते आणि त्याच खेळाची जाहिरात तेव्हा तेथे झळकत होती. कारण त्या वेळी जाहीर झाले नाही. मार्च २०१२ मध्ये गर्स्टमन यांनीच ते उघडपणे सांगितले : जाहिरातदारांच्या दबावापुढे व्यवस्थापन झुकले होते.

२००१ साली आलेल्या ‘मेटाक्रिटिक’ने अनेक परीक्षणांची भारित सरासरी काढून एका परीक्षकावर विसंबण्याचा धोका कमी केला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु मापन करणारा आकडा एकदा मोबदल्याची अट झाला की तो केवळ मापन करीत नाही. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ (२०१०) या खेळासाठी ऑब्सिडियन या निर्मातीसंस्थेला ८५ गुणांवर अधिक मोबदला मिळायचा होता; सरासरी ८४ आली. संस्थेतील ख्रिस अव्हेलोन यांनी ही बाब २०१२ मध्ये उघड केली. एका गुणावर माणसांचे उत्पन्न ठरत असेल, तर परीक्षकावर येणारा दबाव प्रकाशकाच्या जाहिरात-विभागापुरता मर्यादित राहत नाही. आपण कोणाच्या पोटावर पाय देत आहोत, ही जाणीवही त्याला ग्रासते.

प्रकाशकांच्या हाती आणखी एक साधन होते : परीक्षण कधी प्रसिद्ध करायचे याची अट, म्हणजेच एम्बार्गो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ची विक्री अमेरिकेत सुरू झाल्यानंतर सुमारे बारा तासांनी परीक्षणे प्रसिद्ध करण्याची मुभा मिळाली. तोवर दोषांनी भरलेला तो खेळ पुष्कळांनी घेतलेला होता.

परताव्याचा हक्क

२००३ मध्ये सुरू झालेल्या व्हाल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ या विक्रीव्यवस्थेने नोव्हेंबर २०१३ पासून ग्राहकांना परीक्षण लिहू दिले. त्यातील एक तपशील फार महत्त्वाचा आहे : लिहिणाऱ्याने तो खेळ किती तास खेळला, हे परीक्षणाशेजारी आपोआप दिसते. छापील युगात कोणत्याही वाचकाला ही माहिती कधी मिळाली नव्हती. फुकट मिळालेल्या प्रतींवरून होणारी खोटी स्तुती रोखण्यासाठी, अन्यत्र मिळालेल्या सांकेतिक क्रमांकावर घेतलेल्या खेळांची परीक्षणे सप्टेंबर २०१६ पासून एकूण गुणांकात धरणे बंद झाले.

याहून मोठा बदल जून २०१५ मध्ये झाला. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी वेळ खेळलेला खेळ परत करून पैसे मागता येऊ लागले. चाळीस वर्षांत जे परीक्षक, मानक-समित्या आणि शिक्के यांना पूर्णपणे साधले नाही, ते या साध्या नियमाने बरेचसे साधले. खेळ चालत नसेल तर दोन तासांत कळतेच. मात्र तो पुढे जाऊन फसवा निघाला, तर हा नियम कामाचा नाही.

तरीही यादी आणि परीक्षण दोन्ही एकाच वेळी निकामी ठरू शकतात, हे डिसेंबर २०२० मध्ये दिसले. ‘सायबरपंक २०७७’च्या आगाऊ प्रती परीक्षकांना केवळ पीसीसाठी देण्यात आल्या आणि स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्याची त्यांना मनाई होती. परीक्षणे अनुकूल आली आणि ती खोटी नव्हती. जुन्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यंत्रांवर मात्र खेळाची दुर्दशा होती. सोनीने विक्री थांबवून पैसे परत केले आणि जून २०२१ पर्यंत तो आपल्या दुकानात पुन्हा घेतला नाही. ‘एकच यंत्र, म्हणून यादीची गरज नाही’ हे निन्टेन्डोच्या काळापासूनचे गृहीतक येथे मोडले.

परीक्षक म्हणजे पगारी पत्रकार, ही व्याख्याही तोवर जुनी झाली होती. ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ या खेळाची स्तुती करण्यासाठी यूट्यूबवरील लोकप्रिय व्यक्तींना पैसे दिले गेले, पण ते पुरेशा स्पष्टपणे सांगितले गेले नाही, या तक्रारीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सशी समझोता जाहीर केला. भारतात मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये अशा सशुल्क स्तुतीवर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहिण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ग्राहक-परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. ते आले तेव्हा ऐच्छिक होते.

जुन्या कागदांचे नवे काम

२०२३ सालच्या ‘ॲलन वेक २’ची यादी ‘डूम’च्या यादीशेजारी ठेवली की अंतर ध्यानात येते. तीत केवळ प्रोसेसर आणि स्मृती नाही. कोणत्या पातळीवर, किती बिंदूंच्या पडद्यावर, सेकंदाला किती चित्रे मिळतील आणि लहान चित्र मोठे करून दाखवणारे तंत्र चालू धरले आहे का, हेही रकान्यांत मांडलेले आहे. किमान रकान्यात १०८० रेषा आणि सेकंदाला ३० चित्रे, तीही ते तंत्र चालू ठेवून. ‘क्रायसिस’ने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यादीने सोळा वर्षांनी दिले.

दरम्यान जुन्या याद्यांना निराळेच महत्त्व आले आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत. त्यांतील अनेकांविषयी जे समकालीन लेखन उरले ते मासिकांतच आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये या संस्थेने सुमारे पंधराशे अंक शब्दशोधासह अभ्यासकांना खुले केले. ‘डॉसबॉक्स’मध्ये तीस वर्षांपूर्वीचा खेळ पुन्हा चालवू पाहणाऱ्याला आभासी यंत्राचा वेग हाताने ठरवावा लागतो : फार ठेवला तर विमान दिसायच्या आत पडते, कमी ठेवला तर उडतच नाही. तो वेग किती असावा, हे शोधताना त्याला पुन्हा खोक्याच्या कडेवरची तीच बारीक अक्षरे वाचावी लागतात, आणि त्या वेळी ‘किमान’पेक्षा ‘शिफारस’ ही ओळच बहुधा खरी निघते.